खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आणि घरातील धातू

घरात मासे पाळण्याचा छंद आपल्या देशात नवा नाही. गोड्या पाण्यातील गप्पी, एंजल किंवा सोनमासे ठेवलेली काचेची टाकी अनेक घरांत आढळते. समुद्रातील मासे, समुद्रफुले, कोळंबी आणि शंखवर्गीय प्राणी घरात सांभाळणे हे मात्र त्या मानाने अलीकडचे व अधिक कष्टाचे काम आहे. हा छंद नव्याने जोपासणाऱ्याचे सारे लक्ष टाकीच्या आत असते. पाण्याचा खारेपणा, तापमान आणि प्राण्यांचे आरोग्य यांतच तो गुंतलेला असतो. टाकीच्या बाहेर काय घडत आहे हे त्याच्या ध्यानात येते ते वर्ष-दोन वर्षांनी. टाकीखालच्या कपाटाच्या बिजागऱ्या आवळून बसतात, लोखंडी स्टँडच्या सांध्यांवर रंगाचे फोड येतात, प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर जमतो आणि जवळच ठेवलेला पंखा किंवा रेडिओ काही कारण नसताना बंद पडतो.

धातूच्या अशा झिजेला शास्त्रीय परिभाषेत संक्षारण म्हणतात. लोखंडाच्या संक्षारणालाच आपण गंजणे म्हणतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीमुळे होणारे संक्षारण हा केवळ वस्तूंच्या नुकसानीचा प्रश्न नाही. शेकडो किलोग्रॅम वजन पेलणारा स्टँड आणि पाण्याच्या शेजारून जाणारी वीज या दोन गोष्टी त्यात गुंतलेल्या असल्याने तो घरातील माणसांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो. मीठ टाकीतून बाहेर कसे येते, ते धातूवर कोणता परिणाम करते आणि घरातील निरनिराळ्या वस्तूंचे त्यापासून रक्षण कसे करावे, याचा विचार या प्रकरणात याच क्रमाने केला आहे.

मीठ बाहेर कसे येते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सर्वसाधारणपणे ३५ ग्रॅम लवणे विरघळलेली असतात. त्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग आपल्या नेहमीच्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडाचा असतो. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम यांची लवणे असतात. याचा अर्थ असा की २०० लिटरच्या टाकीत सुमारे ७ किलोग्रॅम लवणे साठविलेली असतात.

पाण्याची वाफ होते तेव्हा केवळ शुद्ध पाणी हवेत जाते. मीठ मागे राहते. म्हणूनच टाकीतील पाणी बाष्पीभवनाने कमी झाले की त्यात गोडे पाणी घालावे लागते. खारे पाणी घातल्यास खारेपणा वाढत जाऊन प्राण्यांना अपाय होतो. मग जे मीठ वाफेबरोबर जाऊ शकत नाही, ते भिंतीवर, बिजागरीवर आणि प्लगवर पोचते तरी कसे? त्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग बुडबुड्यांचा. टाकीत हवा सोडणारा पंप किंवा फेस काढून पाणी शुद्ध करणारे स्किमर हे उपकरण चालू असते, तेव्हा पृष्ठभागावर असंख्य बुडबुडे फुटत असतात. बुडबुडा फुटताना त्याच्या वरच्या पातळ पापुद्र्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. पापुद्रा नाहीसा झाल्यावर खाली राहिलेला खळगा वेगाने भरून येतो आणि त्याच्या मध्यातून पाण्याची एक बारीक धार वर उसळून तिचेही थेंब होतात. मोठे थेंब टाकीच्या आसपास पडतात. लहान थेंब हवेतच सुकतात आणि त्यांतील मिठाचा कण खोलीतील वाऱ्याबरोबर दूरवर जातो. समुद्रकिनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा हेच काम मोठ्या प्रमाणावर करीत असतात. किनाऱ्यावरील हवा खारी का लागते त्याचे कारण हेच होय.

दुसरा मार्ग सावकाशीचा, पण अधिक चिवट असतो. टाकीच्या काठावर पाण्याचा पातळ थर सुकला की तेथे मिठाचे स्फटिक बसतात. या स्फटिकांच्या फटींतून मागील पाणी दिव्याच्या वातीतील तेलाप्रमाणे वर ओढले जाते, पुढे जाऊन सुकते आणि तेथे नवे स्फटिक तयार होतात. अशा रीतीने पांढरी साय काठ ओलांडून काचेच्या बाहेरच्या अंगाने उतरते, नळ्यांवरून सरकते आणि विजेच्या वायरीचा आधार घेत प्लगपर्यंत जाऊन पोचते.

तिसरा मार्ग म्हणजे आपले स्वतःचे हात. टाकीत हात घातल्यावर कोपरावरून ओघळणारे पाणी, जाळी बाहेर काढताना पडणारे थेंब आणि पाणी बदलताना झालेली सांडलवंड यांतून बरेच मीठ बाहेर येते.

मीठ कोरडे का राहत नाही

हवेत बाष्पाने पूर्ण संपृक्त होण्यास जितके बाष्प लागते, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ही आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतील बाष्प शोषून स्वतः त्यात विरघळू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते यामुळेच. मॅग्नेशियम क्लोराइडाला मात्र सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरेशी होते. समुद्राच्या पाण्यातून उरलेल्या लवणांत हे मॅग्नेशियम असल्याने त्यांचा थर वरून कोरडा दिसत असतानाही धातूच्या लगत ओलसर असू शकतो.

या एका गोष्टीतून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. टाकीजवळ पडलेले खारे पाणी नुसते पुसून किंवा सुकवून भागत नाही, कारण मीठ तेथेच राहते आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा ओले होते. ते गोड्या पाण्याने भिजविलेल्या फडक्याने उचलून काढावे लागते. दुसरे असे की, दिल्ली किंवा नागपूरसारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या गावी राहणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. उन्हाळ्यात निपचित पडलेले मीठ पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात आपले काम सुरू करते. चेन्नई, मुंबई किंवा कोची येथे तर त्याला विश्रांती अशी मिळतच नाही.

गंजण्याची क्रिया

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन ही दोन्ही लागतात. मीठ प्रत्यक्ष गंजात मिसळत नाही, असे म्हटले तरी चालेल; पण ते ही क्रिया अतिशय सुलभ करून देते. लोखंडाच्या ओल्या पृष्ठभागावर जणू लहान लहान विद्युत् घट तयार होतात. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी त्यांचा स्वीकार करतात. हे मंडल पूर्ण होण्यासाठी दोन्ही जागांना जोडणाऱ्या पाण्यातून वीज वाहिली पाहिजे. गोड्या पाण्यातून ती अडखळत वाहते. समुद्राच्या पाण्याची विद्युत् संवाहकता पिण्याच्या पाण्याच्या साधारण शंभरपट असल्याने तेथे तिला कोणताही अडसर राहत नाही.

हा विद्युत् प्रवाह अगदी क्षीण असला तरी त्याचा परिणाम साचत जातो. फॅराडेच्या नियमावरून हिशेब केला तर केवळ एक मिलिअँपिअर प्रवाह वर्षभर वाहिल्यास सुमारे ९ ग्रॅम लोखंड विरघळते. एखाद्या बिजागरीचा खिळा किंवा नळीची पकड निकामी होण्यास एवढे पुरेसे आहे.

मिठाचा दुसरा अपराध असा की त्यातील क्लोराइडाचे आयन धातूवरील नैसर्गिक संरक्षक पापुद्रा फोडतात. पापुद्र्याचे महत्त्व किती असते हे आपल्या देशातील दोन प्राचीन उदाहरणांवरून समजते. दिल्ली येथील मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक थर तयार झाला आणि दिल्लीच्या बऱ्याच अंशी कोरड्या हवेत तो टिकून राहिला. ओडिशातील कोणार्कच्या तेराव्या शतकातील सूर्यमंदिरातही लोखंडाच्या मोठ्या तुळया वापरल्या होत्या. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या या तुळयांवर गंजाचे परिणाम स्पष्ट दिसतात. लोखंड घडविणाऱ्याचे कौशल्य दोन्हीकडे थोर होते. हवेत मात्र फरक होता.

रामेश्वर बेटाला जोडणारा १९१४ सालचा पांबनचा रेल्वे पूल हे अलीकडच्या काळातील उदाहरण. खाऱ्या वाऱ्यात त्याच्या पोलादाची सतत निगा राखावी लागे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील वाहतूक थांबविण्यात आली आणि एप्रिल २०२५ मध्ये शेजारी बांधलेला नवा पूल सुरू झाला. पांबनच्या जवळच असलेल्या मंडपम येथे कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्थेचे चाचणी केंद्र आहे. तेथे निरनिराळ्या धातूंच्या व रंग दिलेल्या पट्ट्या समुद्राच्या वाऱ्यात ठेवून त्यांची झीज मोजली जाते. आपल्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आणणे म्हणजे अशाच हवेचा एक लहानसा तुकडा घरात आणणे होय.

दोन धातू एकत्र आले म्हणजे

एकाच ओल्या जागी दोन भिन्न धातू एकमेकांस चिकटून असले तर त्यांचा एक घट बनतो आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू वेगाने झिजतो. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली जस्त आणि रुपे किंवा तांबे यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा घालून पहिली विद्युत् घटमाला तयार केली, ती याच तत्त्वावर. पितळी स्क्रूने बसविलेली ॲल्युमिनियमची पट्टी टाकीजवळ ठेवली तर आपण नकळत व्होल्टाचाच प्रयोग करीत असतो, आणि त्याची किंमत ॲल्युमिनियम मोजते.

या तत्त्वाचा उपयोग धातूच्या रक्षणासाठीही करता येतो. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे लहान तुकडे जोडून पाहिले. लोखंड झिजत गेले आणि तांबे सुरक्षित राहिले. परंतु एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. सुरक्षित तांब्यावर समुद्रवनस्पती आणि बार्नॅकल नावाचे कवचधारी प्राणी दाट चिकटू लागले व जहाजांचा वेग मंदावला. तांबे थोडे थोडे विरघळत होते तोवर त्याच्या विषारीपणामुळे हे जीव दूर राहत असत. अखेर नौदलाला ही पद्धत सोडून द्यावी लागली.

मत्स्यालय ठेवणाऱ्याने ही हकीकत उलट बाजूने वाचावी. जे तांबे बार्नॅकलला मारते, तेच टाकीतील कोळंबी, शंख, समुद्रफुले आणि प्रवाळ यांनाही मारते, आणि त्यासाठी अत्यल्प प्रमाण पुरते. म्हणून टाकीच्या पाण्याला स्पर्श होईल अशा ठिकाणी तांबे, पितळ किंवा कासे कधीही असू नये. जहाजांच्या तळाला व समुद्रातील खांबांना जस्ताचे ठोकळे जोडून त्यांचे रक्षण करतात, हे वाचून कोणी टाकीत जस्ताचा तुकडा टाकू पाहील. तेही करू नये, कारण विरघळलेले जस्तही या प्राण्यांना घातक असते. जस्तलेपित तार किंवा साखळीही पाण्यावर टांगू नये.

घरगुती मत्स्यालयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी टाकीतून धातू हद्दपार करण्याचा इतिहास आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे हा छंद लोकप्रिय झाला. त्या काळच्या टाक्या लोखंडी चौकटीत पुटीन भरून काचा बसवून केलेल्या असत. गोड्या पाण्यात त्या बरी सेवा देत, पण खाऱ्या पाण्यात चौकट गंजून पाणी दूषित होई. एकोणिसशे साठनंतरच्या दशकात सिलिकोनच्या लुकणाने काच काचेला थेट जोडता येऊ लागली आणि चौकटीची गरजच संपली. या लुकणाविषयी एक सूचना केली पाहिजे. ते घट्ट होताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसेटिक आम्लाचा असतो. पूर्ण घट्ट झाल्यावर ते निरुपद्रवी असते. परंतु तोवर आसपासच्या तांब्याच्या व विजेच्या भागांवर त्याची वाफ जाऊ देऊ नये.

धातूची निवड

टाकीच्या परिसरात जेथे प्लॅस्टिक किंवा लाकूड चालेल तेथे धातू वापरूच नये. नळ्यांच्या पकडी, जाळीचे दांडे, झाकणाच्या कड्या या सर्व प्लॅस्टिकच्या मिळतात.

अगंज पोलाद म्हणजे ज्याला आपण स्टेनलेस स्टील म्हणतो, त्याच्या नावावर फार विसंबू नये. त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो व तो पोलादाचे रक्षण करतो. क्लोराइड हा पापुद्रा एखाद्या कमकुवत बिंदूत फोडते आणि तेथे सुईच्या टोकाएवढे, परंतु खोल भोक पडत जाते. बाजारातील पुष्कळशा स्वस्त वस्तूंत निकेलऐवजी मँगनीज वापरलेले असते. त्यांना लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या उत्तम प्रतीच्या वाटतात. टाकीजवळ मात्र त्या लवकर डागाळतात. ३०४ क्रमांकाचे पोलाद त्याहून बरे, आणि मॉलिब्डेनम असलेले ३१६ क्रमांकाचे आणखी बरे. तरीही ३१६ क्रमांकाची कात्री किंवा चिमटा वापरल्यानंतर गोड्या पाण्यात धुऊन कोरडा करावा; टाकीत विसरून राहू देऊ नये. खाऱ्या पाण्यात कायम बुडून राहणाऱ्या भागांसाठी टिटॅनियम हा सर्वांत विश्वासार्ह धातू होय. काही तापकांची आवरणे त्याचीच असतात.

काच साफ करण्याच्या चुंबकांकडेही लक्ष असावे. त्यांच्या आतील निओडिमियम चुंबक अतिशय लवकर गंजणारे असतात. प्लॅस्टिकच्या आवरणाला तडा गेलेला किंवा फुगलेला दिसला की तो चुंबक त्याच दिवशी बाद करावा.

टाकीचा स्टँड

समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून किंचित जड असते. २०० लिटर पाण्याचे वजन सुमारे २०५ किलोग्रॅम भरते. काच, दगड आणि वाळू यांचे वजन निराळेच. आपल्याकडे हा भार बहुधा लोखंडी अँगलच्या जोडकाम केलेल्या स्टँडवर असतो. म्हणून घरातील सर्व वस्तूंमध्ये पहिली काळजी स्टँडची घ्यावी.

गंज उघड्या सपाट भागापेक्षा फटींत अधिक लागतो. टाकीखालच्या थर्मोकोलखाली, पायांच्या रबरी बुटांत, जोडाच्या खाचेत आणि पोकळ नळीच्या आतल्या बाजूस खारे पाणी शिरते व सुकत नाही. अशा फटीत ऑक्सिजन कमी आणि बाहेर अधिक असतो. या असमानतेमुळेच फटीतील धातू झिजत जातो. वरून रंग शाबूत दिसत असतानाही आतून पोकळ झालेला पाय म्हणूनच अधिक धोक्याचा.

नवा स्टँड करून घेताना जोड सलग भरून घ्यावेत आणि पोकळ नळ्यांची तोंडे बंद करून घ्यावीत. जुन्या स्टँडला पुन्हा रंग देताना क्रम महत्त्वाचा आहे. टाकी रिकामी करून उतरवावी. सुटलेला रंग व गंज तारेच्या ब्रशाने काढावा. त्यानंतर स्टँड गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन उन्हात पूर्ण वाळवावा. बहुतेक जण धुण्याची ही पायरी गाळतात. रंगाखाली मीठ अडकले तर ते रंगाच्या थरातूनही ओलावा खेचून घेते आणि काही महिन्यांत फोड येतात. धुतल्यानंतर गंजविरोधी अस्तराचा एक हात आणि त्यावर इपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावेत. कडा व कोपरे यांवर रंग पातळ बसतो, म्हणून तेथे आधी स्वतंत्रपणे ब्रश फिरवावा.

स्टँडचे जोड दर महिन्याला पाहावेत. फोड आलेल्या जागी पेचकसाच्या टोकाने खरवडून पाहावे. धातूचे पापुद्रे सुटत असतील किंवा टोक आत रुतत असेल तर रंगरंगोटीचा विचार न करता टाकी ताबडतोब रिकामी करावी.

विजेची उपकरणे

मत्स्यालयास पंप, दिवा, तापक व पंखा अशी अनेक विजेची उपकरणे लागतात. मीठ प्लगमध्ये शिरले की दोन प्रकारचे धोके संभवतात. पिना झिजल्यामुळे जोड सैल व खडबडीत होतो, त्याचा रोध वाढतो, तो तापतो आणि आवरण वितळून आग लागू शकते. शिवाय पिनांच्या मधल्या प्लॅस्टिकवर ओलसर मिठाचा थर बसला तर त्यातूनच वीज वाहू लागते. आपल्या घरांतील २३० व्होल्ट वीज आणि ओला हात एकत्र आल्यास परिणाम प्राणघातक होऊ शकतो.

यावरील उपाय साधे आहेत. टाकीकडून येणारी प्रत्येक वायर बोर्डात जाण्यापूर्वी बोर्डाच्या पातळीखाली उतरवून मग वर न्यावी, म्हणजे तिला मध्ये झोळ राहील. वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, प्लगपर्यंत चढत नाही. झोळाच्या जागी आठवड्यातून एकदा ओले फडके फिरवून मिठाची साय तोडावी; हे करताना वीज बंद असावी. बोर्ड टाकीच्या खाली कपाटात किंवा टाकीच्या वर न लावता बाजूच्या भिंतीवर, शिंतोड्यांच्या टप्प्याबाहेर लावावा. जमिनीवर पडलेला जोडबोर्ड सर्वांत वाईट.

सर्व प्लग तीन पिनांचे असावेत आणि घरातील भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. टाकीच्या मंडलावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवश्य बसवावा. गेलेली वीज पूर्णपणे परत येत नाही हे ओळखून हे साधन क्षणार्धात पुरवठा तोडते. साधा फ्यूज किंवा एमसीबी हे काम करू शकत नाही, कारण माणसाचा जीव घेण्यास पुरेसा प्रवाह त्यांच्या दृष्टीने नगण्य असतो. आरसीसीबीवरील चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी तापकासह सर्व बुडालेली उपकरणे बंद करून त्यांचे प्लग काढावेत.

हिरवट झालेला, तपकिरी डाग पडलेला किंवा हाताला गरम लागणारा प्लग घासून पुन्हा वापरू नये, तो बदलावा. घासल्याने पिनेवरचा मुलामा जातो आणि पुढची झीज अधिक वेगाने होते.

घरातील इतर वस्तू

दूरदर्शन संच, संगणक व इंटरनेटचा राउटर यांच्या आत तांब्याच्या केसासारख्या बारीक रेषा एकमेकींना अगदी लागून असतात. त्यांवर ओलसर मीठ बसले की रेषांमध्ये वीज झिरपते व त्या तुटतात. संगणकाचा पंखा तर खोलीतील हवा सतत आत ओढीत असतो. ही उपकरणे टाकीच्या खोलीत ठेवणे टाळता आले तर उत्तम, निदान ती टाकीच्याच कपाटावर ठेवू नयेत. वातानुकूलन यंत्राच्या आत तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसविलेल्या असतात व त्या थंड होऊन ओल्या राहतात. दोन धातू, ओलावा आणि मीठ असा सर्व योग तेथे जुळून येतो. म्हणून असे यंत्र टाकीच्या थेट वर नसावे आणि त्याच्या पट्ट्या तंत्रज्ञाकडून नियमित धुऊन घ्याव्यात.

शिवणयंत्र, सुतारकामाची हत्यारे, सतारीच्या तारा आणि हार्मोनियमचे पितळी स्वर यांना खारी हवा मानवत नाही. शक्य असल्यास त्या दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात. हत्यारांना व शिवणयंत्राला तेलाचा हात पुरतो. बिजागऱ्या व कुलपे यांना आधी ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून मग व्हॅसलिनचा पातळ थर लावावा. मीठ न पुसता त्यावरच तेल लावणे म्हणजे शत्रूला घरात कोंडून बाहेरून दार लावणे.

उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्यासाठी टाकीवर पंखा लावण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. बाष्पीभवनामुळे पाणी थंड होते हे खरे, पण खोलीची आर्द्रता वाढते आणि मिठाचे कण दूर पसरतात. अशा पंख्याचा झोत स्विचबोर्ड किंवा सामानाकडे न जाता खिडकीकडे जाईल असे करावे आणि खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा असावा. स्किमरला झाकण व टाकीच्या काठाला आडवी काचपट्टी असेल तर शिंतोडे पुष्कळ कमी होतात. टाकी पूर्णपणे बंद मात्र करू नये, कारण प्राण्यांना हवेतील ऑक्सिजन मिळाला पाहिजे.

एक सोपी चाचणी

आपल्या घरात मीठ कोठवर पोचते हे पाहण्यास खर्चिक साधन लागत नाही. एकाच पुड्यातील साध्या लोखंडाचे सहा खिळे घ्यावेत. त्यांचे तेल साबणाच्या पाण्याने काढावे, पॉलिशकागदाने ते चकचकीत करावेत आणि कोरडे करून प्रत्येक खिळा पांढऱ्या कागदावर ठेवावा. एक टाकीच्या काठाजवळ, एक कपाटात, एक स्विचबोर्डाखाली, एक दोन मीटरवर, एक खोलीच्या दूरच्या टोकाला आणि शेवटचा दुसऱ्या खोलीत ठेवावा. रोज एकदा पाहून कागदावर तांबूस डाग प्रथम कोणत्या तारखेस दिसला ते लिहावे. दुसऱ्या खोलीतील खिळ्याच्या मानाने इतर खिळे किती लवकर डागाळले, यावरून घरातील धोक्याच्या जागा कळतात. मंडपमच्या किनाऱ्यावरील पट्ट्यांमागील कल्पना हीच आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हा प्रयोग पुन्हा केल्यास आर्द्रतेचा परिणामही स्पष्ट दिसेल.

निगेचे वेळापत्रक

रोज: टाकीबाहेर पडलेले थेंब गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून नंतर कोरडे फडके फिरवावे. बाष्पीभवनाने गेलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरावे.

आठवड्यास: काठ, नळ्या व वायरींवरील मिठाची साय काढावी. वापरलेली हत्यारे धुऊन तेल लावावे.

महिन्यास: वीज बंद करून प्रत्येक प्लग बाहेर काढून पाहावा. आरसीसीबीचे बटन तपासावे. स्टँडचे जोड, बिजागऱ्या आणि चुंबक यांची पाहणी करावी.

पावसाळ्यापूर्वी: कपाटाचा आतला भाग रिकामा करून पुसावा. रंग उडालेल्या जागा धुऊन, वाळवून रंगवाव्यात. भूसंपर्कन व जोडण्या तंत्रज्ञाला दाखवाव्यात.

या कामांना रोज काही मिनिटे आणि महिन्यातून एखादा तास लागतो. त्यांसाठी विशेष रसायने लागत नाहीत. स्वच्छ गोडे पाणी आणि दोन सुती फडकी हीच मुख्य साधने होत. टाकीतील पाणी सतत कमी होत असते आणि आपण ते भरून काढतो. बाहेर आलेले मीठ मात्र आपल्या हाताने उचलल्याखेरीज कोठेही जात नाही, हे ध्यानी ठेवले म्हणजे टाकीतील प्राणी आणि टाकीबाहेरचे घर, दोहोंची निगा एकाच वेळी राखता येते.